दाण्याची कतली

देपालपूर
२५ ऑक्टोबर २०२५

वसुधा,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून लिहीत नाही. फोन करत नाही, कारण आमच्या घरात फोनवरचा शब्द न् शब्द ह्यांच्या कानावर जातो आणि ह्यांनी सध्या काही ऐकू नये असं मला वाटतं. उत्तर देशील ते शेजारच्या कमलच्या शिलाईच्या दुकानावर पाठव. पत्ता खाली दिला आहे.

तुझ्या कतलीनं एक बच्चा मरता मरता वाचला. शर्वरीच्या मोठ्या जावेचा, अमिताचा मुलगा अनीश. पाच वर्षांचा आहे. पाडव्याला तुकोगंजातल्या त्यांच्या घरी पाहुण्यांची गर्दी होती, तेव्हा त्यानं एक तुकडा खाल्ला. ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास अडकला. अस्पतालात नेऊन सुई दिली, नळी लावली. डॉक्टर म्हणाले मूंगफलीची अ‍ॅलर्जी. मूंगफलीनं कोणाचा जीव जाऊ शकतो हे मी या वयात पहिल्यांदा ऐकलं.

तू विचारशील, माझा डबा तिथे कसा गेला. गडबडीत गेला. धनत्रयोदशीला डब्यांची अदलाबदल झाली, बस. पण मला सांग, दाण्याच्या कतलीला चांदीचा वर्ख लावून, काजूकतलीसारखी कापून देण्याची तुला काय हौस? जे आहे ते दिसू द्यावं ना! देताना सांगितलंस का कोणाला?

लग्नानंतरची पोरीची पहिली दिवाळी. त्या घरात आता तिच्याशी कोणी नीट बोलत नाही, कारण तुकडा तिनं स्वतःच्या हातानं त्याला भरवला होता. दोष तुझा आणि भोगतेय माझी मुलगी.

तुला फक्त एवढंच करायचं आहे. तुकोगंजात जा आणि सांग की डबा माझा, मीच काजू म्हणून दिला होता. तू इंदुरातच आहेस, ऑटोनं जाऊन यायचं. उशीर करू नकोस.

मनोरमा


इंदूर
२८ ऑक्टोबर २०२५

ती. मनोरमावहिनी यांस,

नमस्कार.

तुमचं पत्र काल दुपारी आलं आणि मी संध्याकाळीच तुकोगंजात गेले. तुम्ही सांगितलंत ते बोलायला नाही, मुलाला बघायला. अनीश घरी आला आहे. पलंगावर बसून मोटारी लावत होता. आवाज अजून बसलेला आहे. तुमच्या पत्रात तो आता कसा आहे हे कुठेच नव्हतं, म्हणून कळवते.

आता डब्याचं. दसऱ्यानंतर अशोकभाऊजी इंदुरात आले होते, तेव्हा मी डबा त्यांच्या हातात दिला आणि दारातच सांगितलं, "कतली दाण्याची आहे, वहिनींना सांगा, उन्हात ठेवू नका म्हणावं, तूप सुटेल." ते म्हणाले, "हो, दाण्याचीच तर मला आवडते." तेव्हा सांगितलं नाही हे मला म्हणू नका. कतली मी याच पद्धतीनं तीस वर्षं करते आहे. दाणे सियागंजातून आणून, भाजून, सालं पाखडून, पाकात घोटून. वर्ख सणाचा म्हणून लावते. कोणाला फसवायला नाही.

अदलाबदल झाली म्हणता. मी स्टीलचा डबा दिला होता. अमितानं मला जो दाखवला तो लाल मखमली पुठ्ठ्याचा खोका होता, वर सोनेरी दोरी. एक डबा दुसऱ्याच्या जागी गेला तर कतल्या आपण होऊन खोक्यात जाऊन बसत नाहीत, वहिनी. नवरात्रात तुम्हीच मला म्हणाला होतात, "विहिणीकडे तू काही पाठवू नकोस, त्यांचं आम्ही बघू." बघितलंत ते असं. माझी कतली इंदुरातून देपालपूरला गेली आणि तुमच्या हातची होऊन परत इंदुरात आली.

पण हे सगळं मी सोडून दिलं असतं. अमिता दारात उभी राहून जे बोलली ते सोडता येत नाही. ती म्हणाली, "काकू, आम्ही अनीशला विचारल्याशिवाय बाहेरचं काही देत नाही. मी किचनमध्ये अडकले होते, म्हणून शर्वरीला म्हटलं, तुझ्या आईंना फोन लावून विचार, मूंगफली तर नाही ना. ती आत गेली आणि येऊन म्हणाली, शुद्ध काजू आहे. आता म्हणते, मी फोन केलाच नव्हता, मनानंच सांगितलं."

शर्वरी कॉलेजची चार वर्षं माझ्याकडे राहिली आहे. दूधवाल्यानं विचारलं की उद्या किती, तरी मला विचारून सांगायची. ती मनानं सांगणारी मुलगी नाही.

म्हणून मी तुम्हाला सरळ विचारते. पाडव्याला तिचा तुम्हाला फोन आला होता का?

वसुधा


देपालपूर
१ नोव्हेंबर २०२५

वसुधा,

आला होता. झालं? घे, लिहून देते.

दुपारची वेळ. मागे भांड्यांचा, माणसांचा गोंगाट. शर्वरी हळूच म्हणते, "आई, वहिनी विचारतायत, कतलीत मूंगफली तर नाही ना?" बस, एवढंच. मुलगा आजारी पडतो, डॉक्टरनं मना केलंय, यातला एक शब्द नाही. तिलाही माहीत नव्हतं. मग मी काय समजायचं?

तू त्या घरात दोनदा चहा प्यायली असशील. मी तिथे लग्नाच्या बोलणीला बसले आहे. आम्ही नेलेल्या साडीचा पदर त्या विहीणबाईंनी दोन बोटांत धरून बघितला होता, कापड दुकानात धरतात तसा. मला वाटलं, आता मिठाईही धरून बघतायत. वर वर्ख लावून आत मूंगफली भरलीय का, देपालपूरवाल्यांनी स्वस्तात आटपलं का, हे विचारतायत. चार लोकांत माझ्या मुलीला विचारायला लावलं. मी म्हटलं, "छे, सांग त्यांना, शुद्ध काजू आहे, आईनं स्वतःच्या हातानं केलीय." तू काय म्हणाली असतीस? हो, मूंगफली आहे, आणि तीही माझी नाही, जावेनं दिलेली आहे?

ह्यांनी मला दाण्याची म्हणून सांगितलं होतं. तेही मी कबूल करते, नाहीतर उद्या त्याचीही तपासणी करशील.

आणि एकदा हेही ऐकून घे. दर दिवाळीला तुझा डबा येतो आणि माझ्या घरात माझ्या ताटातलं कोणी उचलत नाही. "काकूची कतली", "काकूचा चिवडा". शर्वरी तुझ्याकडून पहिल्या सुट्टीला घरी आली तेव्हा माझ्या हातचा लाडू अर्धा ठेवून म्हणाली, काकू यात जायफळ घालते. तू शहरात राहिलीस, तुझा पियुष परदेशात गेला, तुला कोणासमोर मान खाली घालावी लागली नाही. दोन हातांनी गोड वाटत फिरतेस आणि सगळ्यांकडून वाहवा घेतेस. एकदा ती वाहवा माझ्या वाट्याला आली असती तर तुझं काय जात होतं?

शर्वरीनं माझ्यासाठी स्वतःवर घेतलं आहे. ती माझी मुलगी आहे, तिनं ते केलं. पण ते तिच्यावर राहू द्यायचं नाही. तुझी मुलगी तिथे नांदत नाही, तुझं काही बिघडणार नाही. जा आणि सांग की मी काजू सांगून दिलं होतं, मनोरमावहिनींना माहीतच नव्हतं. एक वाक्य आहे.

नाही गेलीस तर तुझ्या घराशी आमचा संबंध संपला असं समज.

मनोरमा


इंदूर
४ नोव्हेंबर २०२५

मनोरमावहिनी,

हे पत्र तुम्हाला लिहिलं आहे, पण लिफाफ्यावर नाव भाऊजींचं आहे आणि पत्ता तुमच्या घरचा. कमलच्या दुकानावर जाणार नाही. सोबत तुमचं एक तारखेचं पत्र जोडलं आहे. आधी ते वाचतील, मग तुम्ही वाचा.

मी खोटं सांगायला जाणार नाही. तुम्ही मोठ्या आहात, मोठेपणाचं बरंच काही मी आजवर ऐकून घेतलं. लग्न होऊन आले तेव्हा माझ्या पहिल्या पुरणपोळीचा कणकेचा गोळा तुम्ही पाहुण्यांसमोर उचलून दाखवला होतात, तेही ऐकून घेतलं. पण एका लेकराच्या घशात श्वास अडकला, आणि तुम्ही मला सांगता की वाहवा वाटून घ्यायला हवी होती.

तुमचा अपमान झाला असं तुम्हाला वाटलं, हे मी समजू शकते. तोंडातून खोटं निघून गेलं, हेही समजू शकते. त्यानंतर तुम्ही गप्प बसलात आणि मुलीला पुढे केलंत, हे मात्र मला समजत नाही आणि समजून घ्यायचंही नाही.

शर्वरी रविवारपासून माझ्याकडे आहे. बॅग घेऊन आली. सासूबाई म्हणाल्या म्हणे, "थोडे दिवस काकूंकडे राहा, अमिताला तू समोर नको आहेस." तुमचा जावई हृषीकेश तिला गेटपर्यंत सोडून गेला, आत आला नाही. त्यालाही वाटतं की हिनं निष्काळजीपणा केला आणि वर साळसूदपणे खोटं बोलली. मी दोनदा ताट वाढलं, दोनदा तसंच उचललं. विचारलं तर म्हणते, "काही नाही काकू, चूक माझीच आहे."

तुमच्याच्यानं होणार नसेल तर भाऊजी काय ते करतील. मला त्यांचा स्वभाव माहीत आहे. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, म्हणूनच तुम्ही पत्रं कमलकडे मागवत होतात.

संबंध संपल्याचं तुम्ही लिहिलंत. माझी हरकत नाही.

वसुधा


देपालपूर
१० नोव्हेंबर २०२५

वसुधा,

तुझ्या मनासारखं झालं. कसं झालं ते ऐक, म्हणजे पोट भरेल.

ह्यांनी लिफाफा ओसरीत उभ्यानंच फोडला. माझं पत्र वाचलं, मग तुझं. मग माझं पत्र पुन्हा. विचारलं, "हे तुझंच अक्षर ना?" मी हो म्हटलं. चप्पल घातली आणि निघाले. मी मागून ओरडले, कुठे जाताय, जेवून तरी जा. वळून बघितलं नाही. शाळेत मुलांना शिस्त लावण्यात आयुष्य गेलेला माणूस, आवाज न चढवता जातो तेव्हा काय वाटतं हे तुला नाही कळायचं.

अंधार पडल्यावर परत आले. तुकोगंजात जाऊन सगळं सांगितलं. कतली कोणाची, खोका कोणी भरला, फोनवर कोण काय बोललं. आपण निरोप दिला होता, पण तोच खोका तिकडे गेलाय हे पाडव्यालाच ठाऊक असून आपण गप्प राहिलो, हेही सांगितलं म्हणे. विहीणबाईंनी पाणी विचारलं. शेवटी म्हणाल्या, "यापुढे आमच्याकडे खाण्याचं काही पाठवू नका." ह्यांनी हात जोडले आणि निघून आले.

माझ्याशी तेव्हापासून बोलत नाहीत. चहा स्वतःचा स्वतः करून घेतात. मी स्वयंपाकघरात गेले की बाहेर येतात.

तू सच्ची ठरलीस, मी झूठी. देपालपुरात आज ना उद्या सगळ्यांना कळेल, कारण कमलचं तोंड काही बंद राहत नाही. माझं पत्र मी तुला लिहिलं होतं, तुला एकटीला. रागात माणूस काय लिहितं आणि काय नाही. ते तू माझ्या नवऱ्याच्या हातात दिलंस. माझ्या पोरीचं घर वाचवायला दिलंस असं तू सगळ्यांना सांगशील. मला माहीत आहे कशाला दिलंस. तो पुरणपोळीचा गोळा इतकी वर्षं सांभाळून ठेवला होतास तू.

हृषीकेश तिला न्यायला आला होता असं ऐकलं. कोणी मला कळवलं नाही. ऐकलं.

मनोरमा


इंदूर, तुकोगंज
१६ नोव्हेंबर २०२५

आई आणि काकू,

दोघींना एकच पत्र लिहितेय आणि एकाच वेळी पोस्ट करतेय, म्हणजे एकीनं दुसरीला काय लिहिलं असेल हा प्रश्न येणार नाही. तुम्ही पत्रं लिहीत होतात म्हणून मीही लिहितेय. मला एवढं मराठी लिहायची सवय नाही, चुका असतील.

मी घरी परत आलेय. अमितावहिनी माझ्याशी बोलतात. पहिल्या दिवशी फक्त "जेवून घे" म्हणाल्या, काल अनीशला माझ्याकडे सोडून बाजारात गेल्या. मला त्यांचं काही वाईट वाटलं नाही कधीच. त्यांचा मुलगा आहे.

आई, तू काकूला एका फोनचं लिहिलंस असं बाबांकडून कळलं. दुसऱ्या फोनचं तू कोणालाच सांगितलेलं नाहीस. आम्ही अस्पतालात पोचलो, अनीशचे ओठ निळे पडत होते, आणि डॉक्टर सारखं विचारत होते, काय खाल्लं, नक्की काय खाल्लं. मी कॉरिडॉरमधून तुला फोन केला. मी रडत होते. मी म्हटलं, "आई, प्लीज, खरं सांग, डॉक्टर विचारतायत, मूंगफली आहे का?" तू म्हणालीस, "काजू सांगितलं ना तुला." आणि फोन ठेवलास.

एक तुकडा अमितावहिनींनी डॉक्टरला दाखवायला रुमालात गुंडाळून आणला होता. मी तो तोंडात टाकला. काकूकडे चार दिवाळ्या मी ती कतली लाटलीय, मला चावल्यावर लगेच कळलं. मी आत पळत जाऊन सांगितलं, मूंगफली आहे. मग सगळ्यांनी मला विचारलं, तुला कसं माहीत, आणि आधी काजू का म्हणालीस? तेव्हा मी ते फोन केलाच नाही वालं बोलले. मला दुसरं काही सुचलं नाही. तू आई आहेस.

पहिला फोन मी विसरू शकेन. तेव्हा तुला न् मला काहीच माहीत नव्हतं. दुसऱ्याचं मला अजून काही करता येत नाहीये.

आणि काकू. तू बरोबर होतीस, मला माहीत आहे. पण मी तुझ्याच घरात होते. बाजूच्या खोलीत. तू मला ते पत्र दाखवलं असतंस, म्हटलं असतंस की शर्वरी, मला सगळं कळलंय, आता तू काय करणार आहेस, तर मी हृषीकेशला स्वतः सांगितलं असतं. कदाचित दोन दिवस लागले असते. तू मला विचारलं नाहीस. तू ते बाबांना पाठवलंस. ते दिवाणखान्यात आले तेव्हा हृषीकेशनं मला बोलावून घेतलं होतं, मी दाराशी उभी होते. बाबा सोफ्यावर बसले नाहीत. सगळं उभ्यानं बोलले, शाळेत एखादा मुलगा बाकावर उभा राहून बोलतो तसं. ते मी बघितलंय. तू बघितलेलं नाहीस.

मला सध्या दोघींशी बोलायचं नाही. संक्रांतीला, होळीला, कशालाच काही पाठवू नका. आलात तर मी दार उघडीन, पण येऊ नका.

शर्वरी


देपालपूर
५ जानेवारी २०२६

वसुधा,

तुझ्याशी समेट करायला लिहीत नाहीये. तू केलंस ते मी विसरणार नाही आणि तूही माझं विसरू नकोस.

शर्वरी माझा फोन घेत नाही. ह्यांचा घेते. फोन आला की हे अंगणात जातात आणि आत आल्यावर मला काही सांगत नाहीत. मी विचारत नाही. विचारलं आणि उत्तर मिळालं नाही तर ह्या घरात बसायचं कसं, म्हणून विचारत नाही.

त्या दुसऱ्या फोनच्या वेळी मला लाज वाटत नव्हती, भीती वाटत होती. ती रडत होती, आणि मला वाटलं की आता मूंगफली म्हटलं तर मी मारलं असं होईल. हे तुला का लिहितेय मला माहीत नाही. दुसऱ्या कोणाला लिहिता येण्यासारखं नाही म्हणून असेल.

तिचं तुझ्याकडे येणं-जाणं आहे का? ती बरी आहे का? एवढंच कळव. बाकी काही लिहू नकोस.

मनोरमा


इंदूर
११ जानेवारी २०२६

मनोरमावहिनी,

तिचं माझ्याकडे येणं-जाणं नव्हतं. माझ्याशीही बोलत नव्हती. तुम्हाला वाटत असेल की मी इथे बसून तिला कुशीत घेतली आहे, तर तसं नाही. ह्या दिवाळीपासून माझ्या घरात कोणी गोडाचं नाव काढलेलं नाही.

तुमचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती आली. तिचं एक स्वेटर इथे राहिलं होतं, ते न्यायला. बसली नाही. वाळली आहे थोडी, पण बरी आहे. नोकरी सुरू केली म्हणाली, एका ऑफिसात, अकाउंट्सची.

मी तुमची बाजू घेणार नव्हते आणि घेतलीही नाही. फक्त सांगितलं की तुझ्या आईचं मला पत्र आलंय, तू बरी आहेस का म्हणून विचारलंय. दुसऱ्या फोनबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी सांगितलं नाही. ते तुमचं तुम्ही सांगा. यावेळी मी कोणाचं पत्र कोणाला देणार नाही.

तिनं स्वेटर पिशवीत घातलं, चप्पल घातली, दोन पायऱ्या उतरली. मग थांबून, माझ्याकडे न बघता विचारलं, "थंडीत आईचे गुडघे धरतात. त्या तेलाची बाटली संपली असेल. आणली का तिनं नवी?"

मला माहीत नव्हतं. मी तसंच सांगितलं.

माझा राग आहे तसाच आहे. तरीही तेवढं कळवा. ती परत विचारील.

वसुधा